चवळीवरचे पांढरे ठिपके

आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप लागलं आणि धान्याला ऊन द्यायची सोय संपली. कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहायला आलो तेव्हा मे महिन्यात गच्चीभर गहू-तांदूळ पसरलेले असायचे. पातळ पसरून कडकडीत ऊन दिलं की कीड बरीचशी जायची, अंडीसुद्धा. आता घरोघरी रवा, बेसन, कडधान्यं फ्रीजमध्ये.

गेल्या पावसाळ्यात सूनबाईंनी चवळीचा डबा फ्रीजमधून काढून फडताळात ठेवला. महिन्याभरात त्यात भुंगे फिरायला लागले. "अहो आई, डबा तर फ्रीजमध्येच होता!" तिचं खरंच होतं. मी भिंग घेऊन बसले. दाण्याच्या सालीवर खसखशीहून बारीक ठिपके घट्ट चिकटलेले, काही काचेसारखे, काही पांढरेफटक. पांढरा ठिपका म्हणजे फुटलेलं अंडं. अळी अंड्याच्या तळातूनच दाण्यात शिरते आणि पोखरलेला भुसा मागच्या टरफलात भरत जाते, म्हणून ते पांढरं दिसतं. बरेचदा ही अंडी शेतातूनच दाण्याबरोबर येतात. गहू-तांदळातला सोंडकिडा त्याहून बेरकी. तो दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि वरून चिकट लेप देऊन बुजवतो. कितीही निवडा, दिसत नाही.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ४-५ अंश असतात. तेवढ्यात किडीची वाढ थांबते, पण थोड्या दिवसांत अंडी मरतीलच असं नाही. बाहेर ऊब मिळाली की वाढ पुन्हा सुरू. शून्याखाली गेलं तरी इतक्या चिमुकल्या अंड्यातलं पाणी लगेच गोठत नाही. कित्येक किडींची अंडी उणे २०च्या आसपासपर्यंत बर्फ न होता राहतात. तरीही ती मरतात, कारण न गोठताही थंडीची इजा आत साचत जाते. म्हणून किती थंड, याइतकंच किती दिवस, हेही बघावं लागतं.

पुण्याच्या थंडीवर तर भिस्त ठेवूच नये. जानेवारी १९३५ मध्ये इथे पारा १.७ अंशांवर उतरला होता, एवढी थंडी आता कुठली! आणि असली तरी स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत ती पोचत नाही.

आता आमच्याकडे नवं कडधान्य आलं की अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून थेट फ्रीझरमध्ये जातं, उणे १८ अंशांवर, आठवडाभर. मोठी थैली तशीच ठेवण्यात अर्थ नाही. धान्यातून थंडी फार सावकाश आत जाते आणि मधले दाणे उबदारच राहतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर दाण्यांना पाणी सुटून बुरशी धरते. मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात.

तुमच्या फ्रीझरचं दार दिवसभर उघडझाक होत असेल, तर आठवड्याऐवजी दहा दिवस ठेवा.