‘भिक्षुस्य’ म्हणणाऱ्या भाषेसाठी

प. ल. वैद्यांनी संपादित केलेली, दरभंग्याहून १९५८ साली निघालेली ‘ललितविस्तर’ या बुद्धचरित्राची प्रत पहिल्यांदा हातात आली, तेव्हा माझ्याजवळ शाळेतलं संस्कृत होतं आणि एक टोकदार पेन्सिल. गाथांमध्ये ‘भवति’च्या जागी ‘भोति’ दिसलं की मी खाली रेघ ओढायचो. काही पानांतच समास खुणांनी भरून गेला. आपण एका भाषेच्या अंगावर रेघा ओढत होतो, हे कळायला बरीच वर्षं गेली.

एकोणिसाव्या शतकातले पंडित तिला ‘गाथाभाषा’ म्हणत, आणि अनेकांच्या लेखी ते अर्धवट शिकलेल्यांचं बिघडलेलं संस्कृत होतं. १९५३ साली येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी तिचं व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केला. नियम दाखवले, रूपं मांडली, आणि ‘बौद्ध संकर संस्कृत’ हे नाव रूढ केलं. त्या कामाचे उपकार मोठे आहेत, तरी ‘संकर’ हा शब्द मला अजून टोचतो. आपल्याकडे त्या शब्दाला विटाळाचा वास आहे.

तिचा जन्म कसा झाला हे एका रूपावरून कळतं. पालीत ‘भिक्खुस्स’, म्हणजे भिक्षूचा. पाणिनीच्या संस्कृतात ‘भिक्षोः’. ‘महावस्तु’ या बौद्ध ग्रंथात मात्र ‘भिक्षुस्य’ भेटतं. बोलीतल्या शब्दाला कुणीतरी संस्कृतचा अंगरखा घातला, पण आतलं अंग तेच ठेवलं. विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्षूंनी बुद्धवचन छंदसात, म्हणजे बहुधा वेदांच्या संस्कृत वळणात, बांधू द्यावं अशी विनंती केली आणि बुद्धांनी ती नाकारली. पुढे काही शतकांनी संस्कृताची प्रतिष्ठा वाढली आणि भिक्षूंनाही तिकडे वळावंसं वाटलं. वळताना त्यांनी मायबोली सोडली नाही. मला या भाषेचं सर्वांत जास्त प्रेम वाटतं ते यासाठी.

ही गोष्ट आपल्या डोंगरांपासून फार दूरची नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात या दानकर्त्याच्या लेखात संस्कृत आणि प्राकृत अशीच एकमेकांत मिसळली आहेत. कार्ल्याच्या दानलेखांत महासांघिक या बौद्ध पंथाच्या भिक्षूंचं नाव कोरलेलं आहे, आणि ‘महावस्तु’ हा ग्रंथ त्याच महासांघिकांच्या लोकोत्तरवादी शाखेचा.

ही भाषा एका दिवशी गेली नाही. तिला हळूहळू शुद्ध करण्यात आलं. नक्कल करणारा प्रत्येक लेखनिक जिथे ‘चूक’ दिसेल तिथे पाणिनी घालत गेला. गद्यात हे सहज जमायचं. पद्यात जमेना, कारण ‘भोति’ दोन अक्षरांचं आणि ‘भवति’ तीन अक्षरांचं. सुधारायला जावं तर वृत्त मोडतं. म्हणून ‘सद्धर्मपुंडरीक’ या सूत्राचं गद्य बरंचसं नेटकं संस्कृत वाटतं आणि त्याच्या गाथांमध्ये जुना आवाज शाबूत राहतो. छंदाने तिला जपलं. बुद्धांनी छंदसाला नकार दिला होता, हे आठवलं की मी त्या ओळींवर थबकतो.

पुढे नवे ग्रंथ पाणिनीच्या वाटेने लिहिले जाऊ लागले, मगधातले विहार उजाड झाले, आणि भाषा पोथ्यांपुरती उरली. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार बौद्धांनी त्या पोथ्या पुजल्या, पुन्हा पुन्हा उतरवल्या. तिथूनच इंग्रज अधिकारी ब्रायन हॉजसननी त्या कलकत्ता, लंडन, पॅरिसला पाठवल्या. पॅरिसमध्ये एमिल सेनार यांनी १८८२ ते १८९७ या काळात ‘महावस्तु’ तीन खंडांत छापलं. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटच्या मठांत ताडपत्रं शोधून त्यांची छायाचित्रं पाटण्याला आणली. त्यांत महासांघिकांचा ‘भिक्षुणीविनय’ होता. गुस्ताव रोथ यांनी तो १९७० मध्ये संपादित केला. भिक्षुणींनी कसं राहावं, वागावं, याचे रोजच्या जगण्यातले नियम या भाषेत लिहिलेले आहेत. घरकाम, वाद, समजूत असं सगळं तिला सांगता येत होतं.

वैद्यांची ती प्रत अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्यात. परवा एका ‘भोति’शेजारी, समासात, मी फक्त ‘होते’ असं लिहिलं.