तबक धरून उभा असलेला माणूस

हॉलिवूडचे नट सिडनी पॉटिये ६ जानेवारी २०२२ रोजी गेले. त्या रविवारी मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लॅपटॉपसमोर बसवलं आणि ‘इन द हीट ऑफ द नाइट’ लावला. दादा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इंग्रजीचा गंध नाही. मी मधेमधे थांबवून सांगत होतो, ते मान हलवत होते. खरं तर मला त्यांना एकच प्रसंग दाखवायचा होता. कॉलेजात असताना तो पहिल्यांदा पाहिला, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

सिनेमा १९६७ चा, दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन. मिसिसिपीतल्या लहानशा गावात खून होतो. स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला एक काळा माणूस दिसतो, म्हणून पोलीस त्यालाच उचलतात. तो निघतो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी, व्हर्जिल टिब्ज, म्हणजे पॉटिये. गावचा पोलीसप्रमुख गिलेस्पी त्याला खिजवून विचारतो, तिकडं तुला काय म्हणून हाक मारतात? टिब्ज ठणकावून सांगतो, मिस्टर टिब्ज म्हणतात.

“अहो-जाहो करायला लावलं म्हन की,” दादा म्हणाले आणि सरसावून बसले.

मग तो प्रसंग आला. एंडिकॉट हा गावचा बडा कापूसवाला. त्याच्या काचघरात ऑर्किडची झाडं. टिब्जला ऑर्किडमधलं कळतं, त्यामुळं बोलणं गोडीगुलाबीनं सुरू होतं. एंडिकॉट म्हणतो, ही झाडं काळ्या माणसांसारखीच, त्यांना जपावं लागतं, वाढवावं लागतं. किती मायेनं म्हणतो! हेन्री नावाचा म्हातारा काळा नोकर तबकात सरबत घेऊन येतो. टिब्ज खुनाच्या रात्रीबद्दल विचारू लागतो. हा माणूस माझ्याच घरात उभा राहून माझीच चौकशी करतोय, हे ध्यानात येताच एंडिकॉट त्याच्या थोबाडीत मारतो. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत टिब्ज त्याच्या थोबाडीत मारतो.

एंडिकॉट गिलेस्पीला विचारतो, तू आता काय करणार? गिलेस्पी म्हणतो, माहीत नाही. एके काळी मी तुला गोळी घालायला लावली असती, असं टिब्जला सुनावून तो जमीनदार, माणसं निघून गेल्यावर, रडतो.

ही थप्पड पडद्यावर पडली तेव्हा अमेरिकेत काय चाललं होतं, तेही मी दादांना सांगितलं. सिनेमा ऑगस्टमध्ये आला, त्याच्या आदल्याच महिन्यात वांशिक दंगलीत डेट्रॉइट पेटलं होतं. १९६४ मध्ये पॉटिये आणि हॅरी बेलाफॉन्टे मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी पैसे घेऊन गेले, तेव्हा कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी गोऱ्यांच्या संघटनेच्या लोकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. त्यामुळं दक्षिणेत चित्रीकरणाला जायला पॉटिये तयार नव्हते. सिनेमातलं मिसिसिपी बरंचसं इलिनॉयमधल्या स्पार्टा गावात उभं केलं. थप्पड परत करता आली पाहिजे आणि सिनेमाच्या प्रत्येक प्रतीत ती राहिली पाहिजे, ही आपली अट होती, असं ते पुढं सांगत. ती आधीपासून पटकथेत होती, असंही सांगणारे आहेत. अट असो वा नसो, गाल त्यांचा होता आणि हातही त्यांचाच.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ऑस्करचा समारंभ दोन दिवस पुढं ढकलून १० तारखेला झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच ठरला. गिलेस्पी झालेल्या रॉड स्टायगरना अभिनयाचं ऑस्कर मिळालं. पॉटिये यांना साधं नामांकनही नव्हतं. मला हे अजून खुपतं.

हे सगळं मी तावातावानं सांगत होतो. दादांचं लक्ष नव्हतं.

“मागं घे जरा,” ते म्हणाले.

मी थप्पड पुन्हा लावली.

“ती न्हाई. त्यो तबकवाला.”

हेन्री. इतक्यांदा सिनेमा पाहिला, पण त्याच्याकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तो हातात तबक धरून उभा आहे. सगळं त्याच्यासमोर घडलंय.

“ह्येचं फुडं काय झालं?” दादांनी विचारलं. “त्यो सायब परगावचा. गाडीत बसून जाईल. ह्येला रातच्याला तितंच भांडी घासायचीत.”

पुढं एंडिकॉटचं काय होतं, टिब्जच्या मागं गुंड कसे लागतात, हे मला पाठ होतं. हेन्रीचं काय झालं, ते सिनेमात नाही.

त्या रात्री मी त्या नटाची माहिती शोधली. जेस्टर हेअरस्टन. जन्म १९०१ चा, गुलामांचा नातू. टफ्ट्स विद्यापीठात शिकलेला, वृंदगायनातला मोठा माणूस. पोटासाठी मात्र वर्षानुवर्षं सिनेमात अशाच बारीकसारीक भूमिका केल्या. आणि ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी पॉटिये यांना ऑस्कर मिळालं, त्यात ते जोगिणींना ‘आमेन’ शिकवतात, त्या गाण्यातला आवाज पॉटिये यांचा नाही. तो हेअरस्टन यांचा आहे.

सकाळी दादांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पन्नाशीत पहिल्यांदाच ऐकत होतो.

दादा तेवीस-चोवीस वर्षांचे असताना एका वाड्यावर सालगडी होते. आमचा कानतुटका कप गोठ्याच्या वळचणीला असायचा, एवढं मला आजीकडून माहीत होतं. एकदा ओसरीवर पाहुणे बसले होते. दादांनी चहाचं तबक आणलं आणि लांब उभे राहिले. तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा, सालाचे राहिलेले पैसे मागायला आले. सगळ्यांदेखत मालकानं आबांच्या थोबाडीत मारली. आबांचा पटका खाली पडला. तो उचलून ते निघून गेले.

“म्या बघत व्हतो,” दादा म्हणाले. “तबक खाली ठेवायचं बी सुचलं न्हाई.”

“मग त्या चहाचं काय केलं?” मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

“दिला की.”

“कुणाला?”

“समद्यास्नी.”