खाडीकाठचे दोन दुभाषे

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आपल्याला पाठ असतात ती गाडीच्या वेळापत्रकाच्या क्रमाने. जलद गाडी कुठे थांबते नि कुठे थांबत नाही, डबा कुठल्या बाजूला रिकामा सापडतो, एवढा भूगोल उपनगरातल्या माणसाला पुरतो. आपण एका बेटावर राहतो हेही तो विसरून गेलेला असतो. या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचे बेट म्हणून साष्टी, असे सांगतात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र. या पाण्याने वेढलेल्या जमिनीवर आपल्या सोसायट्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या खाली नि आजूबाजूला जुनी गावे अजून शाबूत आहेत.

ती गावे पाहायची तर क्रूस शोधत हिंडावे. गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, कधी दोन दुकानांच्या बेचक्यात, चुना लावलेला दगडी क्रूस असतो. संध्याकाळी कोणीतरी मेणबत्ती लावून जाते, झेंडूची माळ घालून जाते. यांतले कितीतरी क्रूस १८९६ साली मुंबईत प्लेग आला त्यानंतरचे आहेत. मृत्यू दाराशी आला तेव्हा लोकांनी तो आपल्या गल्लीत शिरू नये म्हणून क्रूस उभारले. हे लोक म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव त्यांनी स्वतःस घेतले ते १८८७ साली. नाव इंग्रजी, पण लग्नाच्या आधी विहिरीवर वाजतगाजत जाऊन उंबराचे पाणी आणणारे हे लोक तुमच्याआमच्याइतकेच कोकणचे.

मरोळच्या गावठाणातले एक सेवानिवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. एकदा मी त्यांना म्हटले, “सर, तुमच्या धर्माचे जुने ठिकाण दाखवा.” ते हसून म्हणाले, “जुनं म्हणजे किती जुनं? पडकं पाहायचंय की जिवंत?” मी म्हटले, दोन्ही. मग चार रविवार आम्ही हिंडलो. सोबत माझी धाकटी मुलगी होती. ती सातवीत आहे, आणि तिला प्रश्न फार पडतात.

पहिले ठिकाण अंधेरीचेच. सीप्झच्या आवारात, संगणकाच्या नि हिऱ्यांच्या कारखान्यांमध्ये, बिनछपराचे एक देऊळ उभे आहे. संत जॉन बाप्तिस्ताचे हे देऊळ जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास गावात साथ आली, माणसे पटापट मेली, उरलेल्यांनी गाव सोडले आणि मरोळला नवे देऊळ बांधले. जुन्याचे छप्पर गेले, भिंतींतून झाडे वाढली. सीप्झ हे १९७३ सालचे. भोवती कुंपण पडले, दाराशी पहारा बसला. तरी वर्षातून एकदा, मे महिन्यात, मरोळची माणसे तिथे जातात आणि त्या उघड्या देवळात मिस्सा होते. सर म्हणाले, “छप्पर नाही म्हणून देऊळ मेलं असं आमच्यात कोणी म्हणत नाही.”

दुसरा रविवार बोरीवलीचा. स्टेशनच्या पश्चिमेला माउंट पोईसरला मंडपेश्वराची लेणी आहेत. साधारण सहाव्या शतकातले हे शिवाचे लेणे. आत नटराज आहे, दगड झिजलेला असला तरी नाच थांबलेला नाही. १५३४ साली साष्टी नि वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली, आणि त्या शतकाच्या मध्यास आंतोनियु दो पोर्तु या फ्रान्सिस्कन पाद्र्याने या लेण्याचे देऊळ केले. वर मठ बांधला. आतल्या एका भिंतीवरची मूर्ती तासून तिथे मोठा क्रूस कोरला. पुढे मराठ्यांच्या स्वारीत मठ उद्ध्वस्त झाला. आज खाली लेण्यात महाशिवरात्रीला गर्दी होते, वर मठाच्या भिंतींचे सांगाडे उभे आहेत, आणि पलीकडच्या वस्तीतल्या देवळाची घंटा ऐकू येते.

त्या तासलेल्या भिंतीसमोर आम्ही तिघेही जरा गप्प होतो. शेवटी सरच बोलले, “हे धैर्य नव्हे हो. पाठीशी तोफा असल्या की श्रद्धा सांगायला काय लागतं?” त्यांनी हे म्हणावे याचे मला बरे वाटले. धर्मासाठी मरणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायच्या तर आधी हा हिशेब नीट करून ठेवावा. राज्य पाठीशी असताना केलेला धर्मप्रसार एका वहीत लिहावा, आणि पाठीशी कोणीच नसताना दिलेले उत्तर दुसऱ्या वहीत. आम्ही शोधत होतो ती दुसरी वही. ती उघडायला पोर्तुगिजांच्याही दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि तेही आमच्या मुलुंडच्या शेजारी. मुलुंडनंतरचे पुढचेच स्टेशन, ठाणे.

इ. स. १३२१. दिल्लीला गियासुद्दीन तुघलक गादीवर येऊन वर्षच झालेले. ठाणे हे तेव्हा नामांकित बंदर होते. होर्मुझहून निघालेले एक गलबत वाऱ्याने भरकटून ठाण्याला लागले. त्यात काही ख्रिस्ती प्रवासी होते. जायचे होते केरळात कोल्लमला. चौघे फ्रान्सिस्कन पंथाचे : तोलेंतिनोचा थोमास, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि डेमेट्रियस. पहिले तिघे इटलीचे. डेमेट्रियस जॉर्जियातल्या तिफ्लिसचा, पाद्री नव्हे, साधा ब्रदर. पण त्याला भाषा येत असत. तो या मंडळींचा दुभाषा होता. पाचवा फ्रेंच डोमिनिकन, जॉर्डन. ठाण्यात तेव्हाही पूर्वेकडच्या जुन्या पंथाची ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. चौघे त्यांतल्या एका घरी उतरले. जॉर्डन सोपाऱ्याकडच्या ख्रिस्ती वस्तीत बाप्तिस्मा द्यायला गेला. सोपारा म्हणजे आपण रोज गाडीच्या पाटीवर वाचतो ते नालासोपारा.

पुढे जे घडले त्याची सुरुवात अगदी घरगुती. यजमान नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात उगारला, बायको काजीकडे दाद मागायला गेली आणि म्हणाली, आमच्याकडे उतरलेले परदेशी साधू साक्षीला आहेत. झाले! काजीने त्यांना बोलावले. सामान राखायला पीटर घरी राहिला, बाकी तिघे गेले. भांडणाचा विषय बाजूला पडला आणि वाद धर्मावर घसरला. येशूविषयी ते मोकळेपणी बोलले. मग काजीने विचारले, आमच्या पैगंबरांविषयी तुमचे मत काय? त्यांनी आधी आडवळणाने उत्तर दिले. पुन्हा पुन्हा खोदून विचारल्यावर मात्र थोमासने नकाराचे उत्तर दिले, आणि तेही कठोर शब्दांत. ऐकणारे दुखावले, खवळले. तिघांना उन्हात उभे केले, जेम्सला आगीत लोटले. तो आगीतून सहीसलामत बाहेर आला असे जुनी कथा सांगते. शहराच्या सुभेदाराने त्यांना खाडीपलीकडे पाठवून निघून जाण्याची वाट करून दिली होती. पण काजीच्या भरीने त्याचे मन पालटले आणि रात्री माणसे पाठवून त्याने तिघांना मारविले. पुढे पीटरही सापडला, त्यालाही मारले.

ही हकीकत आपल्याला कळते ती जॉर्डनच्या पत्रांवरून आणि ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तान्तावरून. जॉर्डनने प्रेते सोपाऱ्यात नेऊन पुरली. ओडोरिक काही वर्षांतच इकडे आला, त्याने अस्थी उकरून घेतल्या आणि थेट चीनमधल्या झैतून बंदरात नेल्या. दिल्लीच्या बादशहाला हा प्रकार कळला तेव्हा त्याने त्या सुभेदारालाच मृत्युदंड दिला, असेही ओडोरिक लिहितो. म्हणजे ही हिंदुस्थानातल्या एका धर्माने दुसऱ्याचा बळी घेतल्याची सोपी गोष्ट नाही. एका शहरातल्या एका कचेरीत प्रश्न विचारण्याची रीत चुकली, उत्तराची धारही गेली ती जिव्हारी, आणि दया करायला निघालेला अधिकारी घाबरला.

मासुंदा तळ्याच्या काठी बसून सर हे सांगत होते. मुलीने भेळ खाता खाता मध्येच विचारले, “पण सर, ते खोटं का नाही बोलले? मनात एक ठेवायचं, तोंडाने दुसरं सांगायचं. देवाला काय, मनातलं कळतंच की!”

मी तिला गप्प करणार होतो. सरांनी हाताने थांबवले. “चांगला प्रश्न आहे,” ते म्हणाले. “पण बाळ, मला त्यांतल्या डेमेट्रियसचं नवल वाटतं. तो दुभाषा. काजी बोलणार ते याने साधूंना सांगायचं, साधू बोलणार ते काजीला. दोन शब्द मऊ केले असते तर कोणाला कळणार होतं? वाचण्याची किल्ली त्याच्याच जिभेवर होती.”

मुलगी विचारात पडली, आणि खरे सांगायचे तर मीही. आपण सगळे दिवसभर दुभाषेपणाच करतो. साहेबाचे घरी सांगतो, घरचे कचेरीत सांगतो, दोन्हीकडे दोन शब्द मऊ करतो. त्यावर संसार चालतो. त्यात वाईट काही नाही. पण एखादे वेळी कोणीतरी विचारते, “ते राहू दे, तू स्वतः कोण?” तिथे मात्र दुसऱ्याचे शब्द उपयोगी पडत नाहीत.

चौथ्या रविवारी विरार गाडी पकडून, वसईची खाडी ओलांडून वसईला गेलो, कारण दुसरा दुभाषा तिथला. ठाण्याच्या उत्तरेने वाहत जाणारी खाडी वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. म्हणजे दोघे एकाच खाडीकाठचे. मध्ये फक्त पावणेतीनशे वर्षे.

गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना एका पाद्र्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने इतकी आत्मसात केली की तो पाद्र्यांचा उजवा हात झाला. मनात होते जेझुइट व्हायचे. ते काही जमले नाही. मग व्यापार केला, त्यात जमही बसला. पण मन लागेना. शेवटी फिलिपाइन्समध्ये मनिला येथे तो फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता हा पाद्री जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीकडे वकील म्हणून गेला, तेव्हा त्याच्या तोंडचे बोल जपानीत सांगणारा होता तो आपला वसईकर. क्योटोत त्यांनी देऊळ बांधले, महारोग्यांसाठी इस्पितळ चालवले.

१५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मालाच्या जप्तीवरून तंटा पेटला, परकी पाद्री म्हणजे परक्या फौजेची आघाडी असा हिदेयोशीचा संशय बळावला, आणि डिसेंबरात धरपकड झाली. पुढच्या जानेवारीत क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानांचे तुकडे कापले, धिंड काढली, आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर चालवले. निघाले चोवीस, वाटेत दोन आणखी धरले गेले, झाले सव्वीस. त्यांत लुई इबाराकी नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. धर्म सोड, तुला वाचवतो, असे अधिकाऱ्याने त्याला म्हटले. त्याने ते नाकारले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीसही जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत पहिला क्रुसावर गेला तो गोन्सालो, अशी परंपरा आहे. वय चाळीसच्या घरात. १६२७ मध्ये पोपने त्याला धन्य घोषित केले, आणि ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. वसईच्या किल्ल्यातले जेझुइटांचे जुने देऊळ आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

किल्ल्यातून परतताना मुलीने आपला प्रश्न पुन्हा काढला. “म्हणजे जपानात सगळे असेच मेले?”

नाही, सगळे मेले नाहीत; आणि गोष्टीचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १६१४ नंतर जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. अधिकारी लोकांना येशूच्या चित्रावर पाय ठेवायला लावीत. जो ठेवणार नाही तो ख्रिस्ती. हजारो लोकांनी पाय ठेवला, आणि घरी जाऊन गुपचूप प्रार्थना केली. पाद्री नाही, देऊळ नाही, पुस्तक नाही. बाप मुलाला कानात सांगे. असे जवळजवळ अडीचशे वर्षे चालले. नागासाकीत परदेशी लोकांसाठी सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने एक देऊळ उभे राहिले, तिथे १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातली काही माणसे आली, आणि त्यांतल्या एका बाईने पेतिजाँ या फ्रेंच पाद्र्याला हळूच सांगितले की, आमचे मन तुमच्यासारखेच आहे. बंदी तेव्हाही उठली नव्हती. पुढे काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना हद्दपार केले, आणि १८७३ साली बंदी सैल झाल्यावर उरलेले परत आले.

मुलीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते तर! तोंडाने एक, मनात एक ठेवून त्या माणसांनी आपली श्रद्धा नातवंडांपर्यंत पोचवली. पण ज्या दिवशी देवळाचे दार दिसले, त्या दिवशी त्यांनाही बोलावेसे वाटलेच. मनातले देवाला कळत असेल. माणसाला मात्र ते दुसऱ्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपल्या साष्टीतही १७३९ ला असा दिवस आला होता. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्रीही गेले. मागे देशी पाद्री राहिले आणि कोळी, आगरी, कुणबी वंशांची ती ख्रिस्ती कुळे राहिली. राज्याचा आधार गेला म्हणून धर्म सोडायचा तर ती वेळ होती. पण ती तशीच राहिली. कोणी तलवार उपसून त्यांना प्रश्न विचारल्याची कथा नाही. शेत लावले, लग्ने मराठी गाणी म्हणून लावली, रविवारी मिस्सेला गेली. यांची नावे पोपच्या यादीत नाहीत. सरांचे पणजोबा त्यांतलेच कोणीतरी.

“मग सर, तुम्हाला कोणी विचारलं असतं तर?” मुलीने वसई स्टेशनवर त्यांना धीट होऊन विचारले.

सर जरा वेळ रुळांकडे पाहत राहिले. “घाबरलो असतो,” ते म्हणाले. “ते सव्वीस काय घाबरले नसतील? आठशे किलोमीटर चालताना भीती काय सोडून जाते? ती बरोबर चालतेच. तिला बरोबर घेऊनच उत्तर द्यायचं.” मग गाडी आली आणि चौथी सीट मिळवण्याच्या गडबडीत विषय तिथेच थांबला.

या दिवाळीच्या सुट्टीत तुम्हालाही कुठे लांब जायला जमणार नसेल, तर एक सकाळ काढा. मंडपेश्वराच्या लेण्यात नटराजाला हात जोडा, समोरच्या तासलेल्या भिंतीपाशीही थोडे थांबा. मग दुपारी ठाण्याला तळ्याकाठी जा, किंवा खाडी ओलांडून वसई गाठा. चार संन्याशांची निशाणी ठाण्यात शोधत बसू नका. त्यांच्या अस्थीही चीनला गेल्या. परतताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी जो चुन्याचा क्रूस आहे, त्याच्यावरचे साल तेवढे वाचून पाहा. मेणबत्ती लावणारी बाई बहुधा तिथेच असेल. तिला विचारलेत तर ती क्रुसाची हकीकत सांगेल, आणि सांगेल ती मराठीतच.