१ जूनची माणसं

आमच्या घराण्यात १ जूनला जन्मलेली माणसं फार. वडील, मोठे काका, आत्या आणि गावातली निम्मी आळी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली. तीच पुढे नोकरीला चालली, पेन्शनला चालली, पासपोर्टलाही. वडील सातबाऱ्यावर दत्तू आणि दाखल्यावर दत्तात्रय. एका प्रतिज्ञापत्रावर दोघे एकच इसम झाले. साहेब हसला, इतकंच.

आसामात असल्या फरकावर माणूस परदेशी ठरू शकतो. नागरिक नोंदणीसाठी तिथे २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपर्यंतचा कागद मागितला: स्वतःचा, नाहीतर आईबापाचा, आजोबांचा, आणि त्यांच्याशी नातं दाखवणारा आणखी एक. तोही ब्रह्मपुत्रेच्या चरांवर, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटांवर, राहणाऱ्यांकडून, जिथे पुरात घराबरोबर जमीनही वाहून जाते. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीबाहेर एकोणीस लाखांवर लोक उरले.

त्यात बायकांची गत निराळीच. शाळा नाही, जन्मनोंद नाही, अठरा पुरायच्या आत लग्न. मतदारयादीत नाव पहिल्यांदा लागलं तेच सासरच्या गावात, नवऱ्याच्या नावासकट. बाप कोण, हे सांगणारा कागद एकच: ग्रामपंचायतीच्या सचिवाचा दाखला. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो निकामी ठरवला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, पडताळणीच्या अटीवर, पुन्हा चालवला. मधले महिने त्या बायकांनी कसे काढले असतील, कोण जाणे.

कागद हाती असला तरी सुटका नाही; पासपोर्टातही प्रतवारी आहेच. दहावी न झालेल्या मजुराला आखातात जायचं तर वेगळी परवानगी लागते. त्याच्या भल्यासाठीच, असं म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये अशांच्या पासपोर्टाला नारिंगी वेष्टन घालायची टूम निघाली होती. ओरड झाली, महिनाअखेर ती गुंडाळली. लांबूनच अडाणी ओळखू यावा, ही कल्पना कुणाला तरी सुचली आणि वरपर्यंत मंजूर झाली, हे मात्र मी विसरू शकत नाही.

हे सारं दूरचं वाटत असेल तर मीरा रोड आठवा. जून २०२५ मध्ये तिथून पकडलेला, पश्चिम बंगालचा एक गवंडी बांगलादेशात ढकलला गेला. घरच्यांनी कागद पाठवले होते. भारतीय असल्याची खात्री पटल्यावर त्याला परत आणावं लागलं. भाषा बंगाली, धर्म मुसलमान, हातात थापी. माझ्या वडिलांकडे त्याच्याहून भक्कम कागद नव्हते. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढाच फरक.

१९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात, नवव्या कलमाने, आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं संशयितावरच टाकलं होतं. खुनाच्या खटल्यातसुद्धा गुन्हा सरकारला शाबीत करावा लागतो. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला, पण ओझं तिथेच राहिलं. ते उलटं झालं पाहिजे: संशय ज्याचा, पुरावा त्याने आणावा.