साडेएकतीस इंच

बेसिन आणि त्याखालचे कपाट या जोडगोळीला अमेरिकेत ‘व्हॅनिटी’ म्हणतात. वृथाभिमानाचा अर्थ असलेला शब्द प्रसाधनाच्या मेजाला चिकटला आणि तेथून न्हाणीघरात आला. आमच्यातल्या एकाने बरीच वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले असल्याने या शब्दावर आमच्या घरी नको तितके विनोद झाले. ते येथे सांगत नाही.

न्यू जर्सीतले आमचे घर १९६७ सालचे. खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातली व्हॅनिटीही बहुधा तेव्हाचीच असावी. तिच्या कपाटाचा तळ पाणी पिऊन फुगला होता आणि एक दार बिजागरीवर केवळ सवयीने टिकून होते. प्लंबरने फक्त मजुरीचे अकराशे डॉलर सांगितले, तेव्हा आम्ही ते काम स्वतःच करायचे ठरवले. येथे वस्तूपेक्षा हात महाग, हे इतकी वर्षे राहूनही आमच्या अंगवळणी पडलेले नाही. आमच्या लहानपणी घरात गवंडी यायचा, सुतार यायचा. वडील खुर्ची टाकून बसायचे आणि सूचना करायचे. येथे सूचना करणारे आणि ऐकणारे आम्हीच.

आमच्यातली दुसरी हिशेब तपासण्याचे काम करते. तिच्या मते अंदाजपत्रक हाही एक साहित्यप्रकारच आहे, आणि त्यात लेखकाची खरी ओळख ‘आकस्मिक खर्च’ या ओळीत होते. पहिला खर्डा असा होता : संगमरवरी दिसणाऱ्या माथ्यासह ३६ इंच रुंदीचे कपाट ४२९ डॉलर, नळ ७९, भिंतीतल्या पाण्याच्या दोन तोट्या २४, त्यांना जोडायच्या दोन लवचीक नळ्या १६, पी-ट्रॅप १४, सिलिकॉन, पाचरी व स्क्रू मिळून २३, रंग २८. एकूण ६१३. त्यावर राज्याचा ६.६२५ टक्के विक्रीकर आणि पंधरा टक्के आकस्मिक. सारे मिळून ७४५ डॉलर आणि वर काही सेंट. साडेसातशेच्या आत बसल्याचा आम्हांला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जेवलो आणि बचतीतले साठ डॉलर उडवले.

मोजमापेही कसोशीने घेतली होती. भिंत ते भिंत, दार उघडल्यावर उरणारी जागा, सांडपाण्याच्या नळीची जमिनीपासूनची उंची. नव्या माथ्यावर नळासाठी एकच छिद्र आहे की चार इंच अंतरावरची तीन, हेही पाहून ठेवले. कारण नळ आणि माथा वेगवेगळे विकत घेणारे लोक नेमके येथेच फसतात.

उंचीचा मात्र विचार केला नव्हता. जुनी व्हॅनिटी एकतीस इंचांची होती. आम्ही निवडलेली छत्तीसची होती. हल्ली बहुतेक चौतीस ते छत्तीस इंचांच्याच मिळतात, आणि दुकानातल्या पाटीवर त्या उंचीला ‘सुखाची उंची’ असे नाव होते. पाच फूट दहा इंचांच्या माणसाला ती सुखाची आहे, यात शंका नाही.

सप्टेंबरात आई यायची आहे. या वेळी सहा महिन्यांसाठी नव्हे. तिचे ग्रीन कार्ड मंजूर झाले आहे. बाबा गेल्यापासून साताऱ्याच्या घरात ती एकटी असते. ती ‘येते’ म्हणते, ‘राहते’ म्हणत नाही. फोनवर आम्ही हौसेने नव्या बेसिनचे वर्णन केले, तेव्हा ती म्हणाली, “उंच नाही ना फार? पुण्याला नव्या फ्लॅटमध्ये तोंड धुताना पाणी कोपरावरून थेट बाहीत जातं. बांगड्यांखाली दिवसभर ओलं.” मग लगेच सावरून, “पण माझं काय, तुमच्या सोयीनं करा.”

शिवणकामाच्या टेपने तिला जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायला सांगितले. छत्तीस इंच! आमची सुखाची उंची बरोबर तिच्या कोपरावर येत होती.

खर्डा पुन्हा लिहायला घेतला. पहिली युक्ती कपाटाचा पायथा कापण्याची. पण पायथ्याशी आत वळलेली जी चार इंचांची खाच असते, तिच्यात उभ्या माणसाची बोटे शिरतात. ती कापली तर आईला लांब उभे राहून वाकावे लागणार. शिवाय भुशाच्या फळीची कापलेली कड पाणी शोषते. दुसरी युक्ती भिंतीला टांगायच्या व्हॅनिटीची. ती हव्या त्या उंचीवर बसते, बोटांनाही जागा मिळते. पण तिचा भार पेलण्यासाठी ड्रायवॉल उघडून आतल्या उभ्या वाशांमध्ये आडवे लाकूड ठोकावे लागते. भिंत उघडायची तर आधी रंगाची चाचणी हवी. १९७८ मध्ये अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली, आणि आमचे घर त्याआधीचे. त्यात जुने कपाट हलवून पाहिले तर त्याच्याखाली फरशीच नव्हती! सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या फरशीवाल्याने झाकल्या जाणाऱ्या जागेचे पैसे वाचवले होते. टांगलेल्या कपाटाखाली ते उघडे पडणार.

कपाट ५१९, लाकूड १२, चाचणी १५, भिंतीची डागडुजी २२, फरशा व त्यांचा मसाला ६४. कर आणि आकस्मिक धरून ९९२ डॉलर. पहिल्यापेक्षा २४७ जास्त. आमच्यातली हिशेबनीस आकडा बघत गप्प बसली. मग तिनेच विचारले, “ती मार्चमध्ये परत गेली तर?” उत्तर द्यायला दुसऱ्याला बराच वेळ लागला. प्रश्न अडीचशे डॉलरचा नव्हता. साडेएकतीस इंचांवर बेसिन बसवणे म्हणजे आईला न विचारता तिच्या वतीने ‘राहते’ म्हणणे. आणि छत्तीसवर बसवले तर ‘तू पाहुणी आहेस’ हे तिला रोज सकाळी सांगणे.

आम्ही भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि आईला व्हिडिओवर दाखवली. ती म्हणाली, “अरे, तुला किती वाकावं लागेल.” मग बराच वेळ ती रेघेखालची मोकळी जागा पाहत राहिली.

“खाली किती जागा राहील?”

अकरा इंच, आम्ही सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. आंघोळीचा पाट तिने मोजला होता. उंची साडेचार इंच.