वाट पाहण्याचा खर्च

संध्याकाळी पावणेपाचला माझ्या हातात पुठ्ठ्याचं एक पॅड, दोन पेन्सिली आणि छापील कार्डांचा गठ्ठा आला. ‘९ ते १३ नंबरची टेबलं तुझी,’ एवढंच सांगण्यात आलं. त्या टेबलांचं नेमकं काय करायचं, हे विचारायचं धाडस मला तासाभराने झालं.

२०२४ चा नोव्हेंबर होता. लंडनला येऊन मला चार महिने झाले होते. माझ्या ऑफिसातल्या एक बाई शनिवारी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या छोट्याशा संस्थेत जायच्या. वर्षातून एकदा निधी जमवायचा आमचा मोठा कार्यक्रम असतो, माणसं कमी पडतात, येशील का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. मदतनिधी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कोल्हापूर येतं. २०१९ च्या महापुरात गल्लीतल्या पोरांनी चादर पसरून गोळा केलेले पैसे, धान्याची पोती, भाकऱ्यांची चवड. नाहीतर गणपतीचं पावतीपुस्तक. इथे सिटी ऑफ लंडनमधल्या एका जुन्या कारागीर-संघाचा हॉल होता. छताला झुंबरं, खाली २२ गोल टेबलं, प्रत्येकाभोवती दहा खुर्च्या. पुरुष काळ्या सुटात, गळ्याशी बो. प्रत्येक ताटलीशेजारी एक गुळगुळीत पांढरा पुठ्ठा ठेवलेला, दांडी लावलेला, त्यावर ठळक आकडा.

माझं मन तिथेच अडखळलं. ज्यांना घर राहिलं नाही, त्यांच्यासाठी पैसे उभे करायला एवढा थाट कशाला? आमच्याकडे गुप्तदान मोठं मानतात. इथे तर चारचौघांत आकडा उंचावून दान करायचं होतं. मी हे मनात ठेवलं नाही. स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या सत्तरीच्या एक बाई होत्या, त्यांनाच विचारलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि फाईल उघडून खर्चाचा कागदच समोर धरला. हॉल संघाने फुकट दिलेला. जेवणाचा आणि वाढप्यांचा खर्च टेबलांच्या तिकिटांतून भरून निघालेला. म्हणजे जेवणानंतर जे काही जमेल, ते सगळं कामाला जाणार होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला जास्त पटली. मोठे न्यास, सरकारी योजना पैसे देतात, पण ते बांधलेले असतात. इंग्रजीच्या वर्गासाठी दिलेला पैसा वर्गालाच लागला पाहिजे. वर्गापर्यंत माणूस पोचणार कसा, याला त्या पैशातून एक पेनीही काढता येत नाही. जिथे खरोखर अडतं तिथे खर्च करता येईल, असा मोकळा पैसा त्यांना वर्षभरात या एका रात्रीच मिळतो.

मी हिशेबनीस आहे. त्यामुळे यापुढचा भाग मला आपोआप कळला आणि तिथे पहिल्यांदा पाय टेकल्यासारखं वाटलं. माझ्या गठ्ठ्यातली कार्डं ‘गिफ्ट एड’ची होती. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्या माणसाने नोंदणीकृत संस्थेला एक पौंड दिला आणि त्या कार्डावर सही केली, तर संस्थेला सरकारकडून वर आणखी २५ पेन्स मिळतात. हजार पौंडांचे साडेबाराशे होतात. जेवणाच्या तिकिटावर हे मिळत नाही, कारण त्याच्या बदल्यात माणूस जेवलेला असतो. निखळ देणगीवर मिळतं. म्हणून सही चुकवायची नाही, असं मला तीन-तीनदा बजावलं गेलं. विसरलेली एक सही म्हणजे हजारामागे अडीचशे पौंड पाण्यात.

सूप झालं, मुख्य जेवण झालं. मग एक गृहस्थ मंचावर आले. सुदानमधल्या खार्टूमचे दंतवैद्य. १५ एप्रिल २०२३ ला तिथे लष्कर आणि निमलष्करी दलात युद्ध पेटलं, त्यानंतर काही महिन्यांनी ते देश सोडून निघाले आणि वर्षाहून अधिक काळ लंडनच्या कडेला एका हॉटेलात अर्जाच्या निकालाची वाट पाहत होते. सरकारी कागदांवर ते अजून ‘निर्वासित’ही नव्हते. १९५१ च्या जिनिव्हा करारातली व्याख्या तुम्हाला लागू होते, असा निर्णय येईपर्यंत माणूस फक्त आश्रय मागणारा असतो. तोवर साधारणपणे काम करायची परवानगी नसते. निकाल बारा महिने रखडला, तर परवानगीचा अर्ज करता येतो, तोही ठरावीक यादीतल्या कामांपुरता.

मला वाटलं होतं, ते प्रवासाबद्दल बोलतील. वाळवंट, समुद्र, होडी. सगळ्या सभागृहानेच ती तयारी करून ठेवली होती. समोरच्या टेबलावरच्या एका बाईंनी हातरुमालसुद्धा काढून ठेवला होता. पण तो भाग आपण सांगणार नाही, असं त्यांनी संस्थेला आधीच कळवलं होतं आणि संस्थेने ते मान्य केलं होतं. या गोष्टीचा मला आजही फार आदर वाटतो. माणसाचं दुःख हे तिकिटाच्या बदल्यात दाखवायची वस्तू नाही.

त्यांनी खिशातून निळं ऑयस्टर कार्ड काढलं, लंडनच्या बसचं. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून चालत नाहीत, कार्डच लागतं. ‘हॉटेलात जेवण मिळतं, म्हणून मला आठवड्याला ८ पौंड ८६ पेन्स मिळतात,’ ते म्हणाले. ‘बसचं तिकीट १ पौंड ७५ पेन्स. पाच तिकिटं काढली की ११ पेन्स उरतात.’ मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आठवड्यातून दोन दिवस इंग्रजीचा वर्ग, जाऊन-येऊन चार तिकिटं. एकदा वकिलाकडे, जाऊन-येऊन दोन. झाली सहा. ‘सहावा प्रवास मी चालत करतो. अडीच तास लागतात. फोनचं रिचार्ज केलं, त्या आठवड्यात चौथा आणि पाचवाही.’

ते खाली उतरले. एवढंच भाषण.

सभागृहात काट्या-चमच्यांचा आवाज थांबला होता. मी पॅडच्या कोपऱ्यात सवयीने गणित मांडलं. एका माणसाचं आठवड्यातून एक जाणं-येणं, साडेतीन पौंड. गुणिले ५२ आठवडे. १८२ पौंड. एका माणसाचं वर्षभराचं एक दार एवढ्यात उघडं राहतं. बोली चालवणाऱ्या गृहस्थांनीही माइक हातात घेऊन हाच आकडा सांगितला, तेव्हा मला उगाच आपलं उत्तर बरोबर आल्यासारखं बरं वाटलं.

आणि मग माझं काम सुरू झालं. इथे काही विकायचं नव्हतं. ते वरून आकडा पुकारत खाली येत होते: दहा हजार कोण देईल, पाच हजार, एक हजार, पाचशे, शंभर. ज्याला द्यायचे असतील त्याने पुठ्ठा उंचावायचा. आपल्या टेबलांमधले आकडे टिपून आम्ही कागद मागच्या संगणकाकडे पळवायचे. दहा हजारांना पूर्ण शांतता होती. श्वास रोखल्यासारखी. मग खांबाजवळून एकच पुठ्ठा वर गेला आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. हजाराला एकदम सात-आठ हात आले. माझ्या वाट्याचे तीन. मी घाईघाईने लिहिले: ६८, १०४, १२७.

दहा मिनिटांनी एक बाई हातात फोन घेऊन माझ्याकडे आल्या. हजार पौंडांबद्दल आभाराचा संदेश त्यांना आला होता. त्यांनी तर हात वर केलाच नव्हता. त्यांचा नंबर ६८.

माझ्या पोटात गोळा आला. सत्तरीच्या त्या बाई धावून आल्या, कागद पाहिला आणि टेबलावरचा एक पुठ्ठा उचलून माझ्यासमोर उलटा धरला. ८९ उलटा केला की ६८ दिसतो. म्हणूनच प्रत्येक आकड्याखाली एक बारीक काळी रेघ मारलेली होती. रेघ खालच्या बाजूला असेल, तर पुठ्ठा सुलट. शिवाय नंबर टेबलांच्या क्रमाने दिलेले, म्हणजे ८१ ते ९० नवव्या टेबलावर. ६८ माझ्या टेबलांवर असणं शक्यच नव्हतं. हे दोन्ही मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आम्ही ८९ नंबरच्या गृहस्थांना कोट घ्यायच्या रांगेत गाठलं. त्यांनी हसत कार्डावर सही केली आणि माझा जीव भांड्यात पडला.

६८ नंबरच्या बाई अजून तिथेच उभ्या होत्या. मी परत माफी मागितली. त्यांनी ती मनावर घेतली नाही. त्या म्हणाल्या, मी शंभर द्यायचं ठरवून आले होते. मग जरा थांबून विचारलं, ‘तो मघाचा आकडा काय होता? १८२ ना?’ आणि तेवढे लिहिले. गिफ्ट एडची सहीही केली.

त्या रात्री किती जमले, तो आकडा संस्थेचा आहे, मी इथे सांगत नाही. पण गुप्तदानाबद्दलचं माझं मत तेव्हापासून जरा हललं आहे. होडीचा फोटो पाहून पैसे देणारी माणसं मिळतात. देश, सीमा, समुद्र ओलांडून झाल्यावर जे उरतं, ते नुसतं थांबणं असतं. महिनोन्‌महिने, एका खोलीत. या थांबण्याचा फोटो निघत नाही. त्यासाठी लागणारा बसचा खर्च, दुभाष्याचा खर्च, पासपोर्ट फोटोचे पैसे हे सगळं इतकं किरकोळ दिसतं, की एकट्यादुकट्याला ते दान वाटतच नाही. दोनशे माणसं एका छताखाली बसवून, शेजाऱ्याचा हात वर जाताना पाहून, मगच ते दान वाटायला लागत असेल, तर तो थाट करावा. मला आता त्यात काही वावगं दिसत नाही. निकाल लागला म्हणजे सुटलो, असंही नसतं. त्या वेळच्या नियमाने निर्णय हातात पडला की हॉटेलची खोली सोडायला २८ दिवस मिळायचे. त्यात घर, बँकेचं खातं, काम, सगळं शोधायचं. आणि शोधायला बसनेच जायचं.

रविवारी मी घरी फोन लावला आणि त्या रात्रीबद्दल सांगितलं. बाबा म्हणाले, अगं, आपल्या वळिवड्यात नव्हते का पोलंडचे लोक! मला वळिवडे माहीत होतं ते गांधीनगरमुळे. लग्नाचा बस्ता बांधायला सगळं कोल्हापूर गांधीनगरला जातं. फाळणीनंतर वळिवड्याच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी ती बाजारपेठ उभी केली, हेही ऐकलेलं. पण त्यांच्या आधी त्याच बराकींत दुसरे निर्वासित राहून गेले, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं. त्यातले सुटलेले इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० जण वळिवड्याच्या छावणीत राहिले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी होती, तिच्यासाठी तर आपल्याकडच्या संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनी देणग्या दिल्या होत्या. लंडनमधल्या हॉलात मी ज्या पद्धतीकडे परकी म्हणून बघत होते, ती आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेलेली.

आजीला फोन दिला. ती सत्त्याऐंशीची. तिचं माहेर वळिवड्याजवळच्याच गावात. तिचे वडील छावणीत दूध घालायचे आणि ती त्यांचा हात धरून जायची, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिला माणसांची नावं आठवत नाहीत. वास आठवतो. ‘पावाचा वास यायचा गं लांबपत्तोर. परत्येक घराला चूल हुती त्यांच्या. त्या बायका सोताच रांधायच्या.’

मी तिला दंतवैद्यांबद्दल सांगितलं. ८ पौंड ८६ पेन्सचे रुपये करून सांगितले. बसचं तिकीट, सहावा प्रवास, अडीच तासांचं चालणं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. पैशांवर ती काही बोलली नाही.

‘आणि रांधाय मिळतंय का त्यास्नी तितं? सोताच्या हातानं?’

‘नाही, आजी. हॉटेलातनं डबा येतो. खोलीत चूल पेटवायला बंदी आहे.’

‘वरीस झालं म्हनालीस नव्हं?’

‘हो. वर्ष उलटून गेलं.’

फोनवर मागे कुकरची शिट्टी झाली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, त्यांच्याकडे भाकरी कशाची करतात.