भोकरदनचा फाल्गुन : एका आठवड्यात तीन ऋतू

जालन्याहून राजूरमार्गे उत्तरेकडे निघाले की भोकरदन लागते. केळना नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव दिसायला लहान असले तरी फार जुने आहे. हेच प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत इथल्या दात्यांची नोंद आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातील नांदत्या गावाच्या खुणा हाती लागल्या.

अशा या गावी कामानिमित्त फाल्गुनातला एक आठवडा आमचा मुक्काम पडला. सोमवारी पहाटे गोधडी सोडवेना आणि दुपारी उन्हाने डांबर मऊ झाले. मंगळवारही तसाच गेला. बुधवारी आभाळ भरून आले. गव्हाची सोंगणी आणि हरभऱ्याची काढणी ऐन भरात होती. जो तो सुडी झाकायला ताडपत्री शोधू लागला. गुरुवारी दुपारी वावटळ उठली, विजा कडाडल्या आणि टपोऱ्या थेंबांनी बाजारपेठ रिकामी झाली. शुक्रवारी दिवसभर रिपरिप, शनिवारी चिखल. रविवारी पुन्हा असे लख्ख ऊन पडले, की जणू काही घडलेच नव्हते!

जाणकार सांगतात, या दिवसांत जमीन तापलेली असते. समुद्रावरून येणारे दमट वारे आणि उत्तरेचे कोरडे, थंड वारे मराठवाडा-विदर्भावर एकमेकांना भिडले की ढग उंच चढतात. मग वीज, वादळ आणि कधी गाराही. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. 11 फेब्रुवारी 2018 रोजीही जालना जिल्ह्याला गारांनी झोडपले.

परंतु वाचकहो, पावसाचा हिशेब शेतापाशी संपत नाही. आमच्या वस्तीतल्या आयाबाया गुत्त्याने आणि रोजाने सोंगणीला जातात. एका बाईंना आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, तीनशे रुपये रोज. सोम, मंगळ, बुध भरला. बिस्तरवारी अर्धा मिळाला. पुढं घरीच." रविवारी ऊन होते, पण पीक ओले, म्हणून त्या दिवशीही काम नाही. साडेतीन रोजांचे 1050 रुपये हाती आले आणि तेवढेच पावसाने नेले. किराणा मात्र सातही दिवसांचा लागला.

नुकसान झाले की पंचनामे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण पिकाची मदत ज्याच्या नावे सातबारा, त्याच्या खात्यात जाते. बटाईने पेरणारा, वर्षानुवर्षे गायरान कसूनही नावावर काही नसलेला आणि बुडालेल्या रोजाची मजूरबाई, यांचा रकाना त्या कागदावर नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1964 साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्यामागचा प्रश्न आजही प्रत्येक अवकाळी पावसात असा वर येतो.

म्हणून दोन-तीन गोष्टी घरोघर वाचून दाखवाव्यात. विजा चमकू लागल्या की झाडाखाली थांबू नये. विळे-कोयते बाजूला ठेवून पक्क्या घरात जावे. मोबाईलवर पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप मिळते, ते विजेचा इशारा देते. मुलांनी ते आईच्या फोनवर घालून द्यावे. वीज पडून कोणी दगावल्यास वारसांना शासनाकडून 4 लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी सातबारा लागत नाही. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मात्र लागतो. दुःखाच्या भरात हे कागद राहून जाऊ नयेत.

आभाळ कोणाच्या हातात नाही. पण बुडालेल्या रोजाची नोंद आपल्या हातात आहे. प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी वहीत तारीख, नाव आणि बुडालेला रोज लिहून ठेवावा. ग्रामसभेत तोंडी गाऱ्हाणे विरून जाते. लिहिलेला आकडा खोडायला मात्र समोरच्याला उत्तर द्यावे लागते.